लेखक सापडला आहे

आमच्या मंडळाचं नाव उदय तरुण मंडळ. तरुण म्हणजे किती, तर अध्यक्षांचे दोन्ही गुडघे बदललेले आणि खजिनदारांना कपाळावरचा चष्मा दिवसातून दोनदा सापडत नाही. त्यातल्या त्यात मी धाकटी, साठीला टेकलेली, शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली, म्हणून चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. इचलकरंजीच्या मंगळवार गल्लीत आम्ही दर गणपतीला एकच नाटक करतो, 'पाहुणा उठेना'. मी दहावीत होते तेव्हापासून तेच. लोकांना ते इतकं पाठ आहे की नट अडखळला तर पुढचं वाक्य प्रेक्षकांतून येतं, तेही तिघाचौघांकडून एकदम.

नाटकात फारसं काही घडत नाही. एक पाहुणा आठ दिवसांसाठी येतो. निघायचं म्हणून तो पिशवी उचलतो, की घरातलं कुणीतरी रीत म्हणून म्हणतं, "एवढ्यात कुठं निघालात?" आता यावर "नाही हो, निघायलाच हवं" म्हणायचं असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. हा बाबा पिशवी खाली ठेवतो. असं दोन तास! शेवटी तो एकदाचा जातो, घर सुनं होतं, आणि सगळं घर त्याला शोधायला बाहेर पडतं. इतकी वर्षं झाली, अजून तिथं बायका डोळ्याला पदर लावतात.

हे कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी सकाळी मांडव झाडायला माणूस आला, तर टाईप केलेले कागद मूर्तीच्या पायाशी आणि वर एक नारळ. नाव नाही, गाव नाही. कुणी म्हणालं गणपतीनेच लिहिलं, त्याला महाभारताचा अनुभव आहे. तेव्हापासून पहिल्या रांगेत एक खुर्ची लेखकासाठी मोकळी ठेवायची आणि तिच्यावर नारळ ठेवायचा, अशी पद्धत पडली. मूळ कागद पुढे पुरात मंडळाच्या कपाटासकट गेले. नाटक तोंडातोंडी राहिलं.

आता आमच्या घरचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तातूमामा, म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, नाटकाच्या आधी दोनेक वर्षं आमच्याकडे आठ दिवसांसाठी आला. सूतगिरणी बंद पडली होती, खोली सुटली होती, लग्न झालेलं नव्हतं. ते आठ दिवस अजून चालू आहेत. नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि दुसऱ्या दिवशी नळावर बायका आईला म्हणाल्या, "हौसाक्का, तुझ्या भावाचं नाटक बघितलं गं काल!" आई घागर तिथंच टाकून घरी आली. ज्यानं माझ्या भावाला गावाच्या हसण्यावर टाकलं त्याचं कधी बरं व्हायचं नाही, म्हणाली. ते नाटक तिने आजपर्यंत बघितलं नाही.

बरं, एवढ्यावर थांबेल तर ती माझी आई कसली! गल्लीत टाईपरायटर एकाच घरात, समोरच्या घोडके मास्तरांच्या टायपिंग क्लासमध्ये. म्हणजे लिहिणारा मास्तरच, असा निकाल तिने देऊन टाकला. मास्तरांची बायको कुमुदकाकू ही आईची जिवाभावाची मैत्रीण. एकीच्या घरी आमटी झाली की वाटी दुसरीकडे जायची. ती वाटी त्या दिवशी बंद झाली. मास्तरांनी देवाच्या शपथा घेतल्या, थकले, आणि एक दिवस वारले. अबोला तेवढा जिवंत राहिला. समोरासमोर दोन दारं, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींना सोडून सगळ्या रस्त्याकडे बघायच्या.

मामा मात्र खुशीत. मंडळाच्या माईकवरची निवेदनं कित्येक वर्षं त्याचीच. "एक निवेदन. निळी चड्डी, पिवळा बुशशर्ट, एका पायात चप्पल, हुंदके देऊन रडणारा एक मुलगा सापडला आहे. नाव बबलू सांगतो. ज्यांचा असेल त्यांनी मंडळाच्या टेबलावरून घेऊन जावा." लोक खास ती ऐकायला येतात. आईसुद्धा खिडकीत बसून भावाचा आवाज ऐकायची, आणि नाटकाची घंटा झाली रे झाली की खिडकी धाडकन लावून टीव्ही मोठा करायची.

तर यंदा श्रावणात 'रंगमाया' नावाच्या कंपनीचा निहार नावाचा एक गुळगुळीत माणूस माझ्याकडे आला. चहा घेता घेता म्हणाला, "मॅडम, तुमचं हे नाटक अनाथ आहे."

"अनाथ? अहो, अख्खी गल्ली सांभाळते त्याला."

"तसं नाही. लेखक नाही ना. म्हणजे परवानगी देणारं कुणी नाही. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही केलेत ते सगळे प्रयोग तसे..." त्याने चहाचा घोट घेतला. "पण ते सोडून देऊ. आता नवीन कायदा आहे."

कायदा मला वर्तमानपत्रातून अर्धामुर्धा माहीत होता. निनावी लिहिलेलं साहित्य कुलपात पडून राहू नये म्हणून सरकारने कर्ताशोध सुरू केला होता. मजकूर यंत्राला द्यायचा, यंत्र लेखक शोधतं. सापडला आणि त्याने होय म्हटलं तर हक्क त्याचा, तो हयात नसेल तर वारसांचा. नाही सापडला, किंवा सापडूनही नाही म्हणाला, तर ज्याने आधी अर्ज केला त्याला दहा वर्षं एकट्याला ते वापरता येतं. कंपनीने अर्ज करून टाकला होता. त्यांना बारा भाषांत मालिका करायची होती. त्यात पाहुणा परग्रहावरून येणार होता.

"आणि आम्ही?"

"तुम्ही बघा ना मॅडम. घरबसल्या."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा राहिला होता त्यात, पण माझ्या घरचा होता.

मंडळाची बैठक झाली. एकच मार्ग होता, लेखक सापडायला हवा. अध्यक्ष म्हणाले, "सापडला आणि त्यानेच कंपनीला विकलं म्हणजे?" मी म्हटलं, "तर निदान ज्याचं आहे त्याने विकलं. ह्या उपऱ्याच्या घशात कशाला घालायचं?" घरी येऊन सांगितलं, तर आई पाय आपटत उठली. "सापडू दे मेला! मला पण बघायचंय त्याचं तोंड. मास्तरच निघणार, तू लिहून ठेव." मामाने त्या रात्री दुसरी भाकरी घेतली नाही. पोटाचं काही असेल म्हणून मी त्याला ओव्याची फक्की दिली. बघा माझी हुशारी!

कर्ताशोधाचं कार्यालय कोल्हापूरला. तिथली अधिकारी स्वरदा शेडबाळे, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, बोलायला चटपटीत. नाटकाच्या वर्षावर्षाच्या चित्रफिती घेऊन मी गेले. खरं सांगते, मंडळाची काळजी होतीच, पण यंत्र चालतं कसं ह्याची उत्सुकता जास्त होती. जन्म मास्तरकीत गेला, खोड जात नाही.

"बाई, तुमच्या आई लांबून येताना दिसल्या तर कशावरून ओळखता?" तिने विचारलं.

"चालीवरून."

"भाषेलाही चाल असते. मोठे, नटवे शब्द आम्ही बघतच नाही, ते कुणीही कुणाचे उचलतं. 'पण', 'तर', 'म्हणजे' असले बारके शब्द माणूस कुठं टाकतो, गोष्ट कुठल्या टोकाकडून सांगायला घेतो, दम कुठं खातो, हे बघतो. ह्यातली एकेक सवय लाखो लोकांना असते. पण अशा चारपाच हजार सवयींची मोट एकाच माणसात सापडते. आणि त्याला स्वतःला त्यातली एकही माहीत नसते, म्हणून लपवता येत नाही."

"पण बाई गं, आमच्याकडे मूळ कागदच नाहीत. नटांनी दरवर्षी पदरची वाक्यं घातलीत. आमचा एक वकीलसाहेबाचं काम करणारा तर स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रणही देऊन गेला होता स्टेजवरून."

ती हसली. "मग तर मजाच. दरवर्षीची फीत आहे ना? जे वाक्य ज्या वर्षी पहिल्यांदा ऐकू येतं, ते त्या वर्षीच्या नटाचं. तो नट बाकी कसा बोलतो ते पण फितीत आहे. त्याची चाल जुळली की ते वाक्य सोलून बाजूला. कांदा सोलतो तसं एकेक वर्ष सोलत आत जायचं. आत जे उरेल ते मूळ लेखकाचं."

आणि ती खरंच तशी आत गेली. पडद्यावर नाटक उलगडलं होतं आणि प्रत्येक वाक्याला वेगळा रंग. माझे डोळे हटेनात. दूधवाल्याचं ते गाजलेलं वाक्य वाण्याच्या विष्णूने घातलेलं निघालं, तो जाऊन दहा वर्षं झाली होती. मोलकरणीचं रडणं नाईकांच्या रेखाने तिच्या सासूवरून उचललेलं. अर्ध्याहून जास्त नाटक गल्लीचंच होतं! मी तिथं खुर्चीत बसून एकटीच हसत होते आणि एकीकडे डोळेही पुसत होते.

इकडे गावात बातमी फुटली आणि लेखकांना ऊत आला. ज्याचा त्याचा आजोबा लेखक. एक बाई म्हणाल्या मी मागच्या जन्मी लिहिलं, यंत्राला मागचा जन्म विचारा. एक प्राध्यापक स्वतःच्या लिखाणाचा नमुना म्हणून पदवीचा प्रबंधच घेऊन आले. नाटक त्यांचं नाही हे यंत्राने सांगितलंच, वर प्रबंधही त्यांचा नाही असं सांगितलं. त्यानंतर दावेदार एकदम कमी झाले.

मी मास्तरांचं लिखाण मिळतं का म्हणून कुमुदकाकूकडे गेले, चोरून, आई झोपलेली बघून. काकूने मास्तरांची सगळी जुनी पत्रं काढून दिली. "घेऊन जा," म्हणाली. "ह्यांनी लिहिलं असतं तर मला पहिलं वाचून दाखवलं असतं गं. एवढं एक हौसाला समजलं असतं तर बरं झालं असतं." यंत्राने पत्रं बघितली. मास्तर नव्हते. मी आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "यंत्राला काय कळतंय!"

गणपती बसले. नाटकाचा दिवस जवळ आला तरी परवानगी नव्हती. अशात एका दुपारी स्वरदा आमच्या दारात उभी. आई भजनाला गेली होती. मामा पडवीत लसूण सोलत होता. मला वाटलं माझ्याकडेच आली, मी पाणी आणायला वळले.

"तातोबा खोत आपणच का?" तिने मामाला विचारलं. "नियम असा आहे की निष्कर्ष आधी फक्त त्या व्यक्तीला सांगायचा, समोर बसून. हवं असेल तर तुमचं एक माणूस सोबत ठेवा."

मामाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातातली लसणाची पाकळी त्याने सुपात ठेवली. "विजू बसू दे," म्हणाला.

माझ्या हातात पाण्याचा तांब्या तसाच.

"आम्ही नमुने जगभर शोधत होतो," स्वरदा म्हणाली. "आणि नमुना त्याच फितींवर होता. नाटकाच्या आधी, मध्यंतरात, चपला हरवल्या, पोरं सापडली, सगळी निवेदनं. आजोबा, तुम्ही माणूस सांगताना आधी त्याचे कपडे सांगता, मग तो कोणत्या अवस्थेत आहे ते, आणि नाव सगळ्यात शेवटी. नाटकात प्रत्येक पात्र तसंच येतं. अशा अजून पाच हजार गोष्टी जुळतात. शंकेला जागा नाही."

मामा खाली बघून म्हणाला, "पोरगं हरवलेलं असतंय, तेव्हा त्याच्या आईला आधी कपडे आठवतात, बाई. नाव काय, कुणाचं पण असतंय."

स्वरदाने त्याला सगळं समजावलं. होय म्हटलं तर हक्क तुमचा, विका नाहीतर वाटा. नाही म्हटलं तर आम्ही नाव कुठेही फोडणार नाही, पण मग नाटक कंपनीकडे जाईल. उत्तर नाटकाच्या दिवसापर्यंत द्या. एवढं सांगून ती गेली. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

मी तांब्या आपटला. "मामा! तू? अरे, आम्ही तुझ्यासाठी जळत होतो इतकी वर्षं! तुझी चेष्टा केली म्हणून आईने जग तोडलं!"

"ओरडू नकोस, विजे. भिंतीला कान असतात."

"असू देत! टाईप कुठं केलंस?"

"मास्तरांच्या क्लासला जात होतो की नोकरीसाठी. ते जेवायला गेले की करायचो." आणि मग तो बोलत सुटला. "तुझे वडील देवमाणूस. अक्का तर अक्काच. घरात कुणी एका शब्दानं बोललं नाही मला. पण गल्ली कुजबुजायची. मी पिशवी घेऊन वाण्याकडं निघालो तरी लोक म्हणायचे, सुटलं वाटतं ग्रहण. मागनं हसतात ते लई लागतं, विजे. म्हटलं, एकदा समोर बसवून पोटभर हसवावं. एकदा मोठ्यानं हसलं की माणूस परत कुजबुजत नाही. आणि झालं तसंच. दुसऱ्या दिवसापासून लोक मला 'या पाहुणं' म्हणायला लागले, चहा पाजायला लागले. माईक हातात दिला. मी ह्या गावचा झालो त्या नाटकानं."

"आणि शेवट? सगळं घर शोधायला निघतं तो?"

"तो माझ्यापुरता लिहिला होता," मामा म्हणाला. "कुणीतरी न्यायला यावं, असं वाटतंय की माणसाला."

मला रडू फुटलं, पण राग त्याहून मोठा होता. "मग आईला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. पण नळावरनं ती आली ती मास्तरांचं नाव घेतच आली. म्हटलं, राग उतरला की सांगू. तो उतरलाच नाही. आणि मग जितकं लांबलं तितकी भीती. 'जा इथनं' म्हणाली तर? विजे, अख्ख्या नाटकात ते वाक्य मी कुणाच्या तोंडी घातलं नाही बघ. ते ऐकायची मला हिंमत नाही. नाही म्हणून सांग त्या पोरीला. नाटक जाऊ दे."

"नाटक जाऊ दे? त्यातलं अर्धं गल्लीचं आहे! विष्णूचं आहे, रेखाचं आहे, मेलेल्या माणसांचं आहे! ते परग्रहावर पाठवणारेत ते लोक! आणि मास्तर? समोरनं मास्तरांची तिरडी उठली तेव्हा आईने खिडकी लावून घेतली होती. तू घरातच होतास ना? तू बघितलंस ना?"

मामा परत लसूण सोलायला लागला. एकही पाकळी सोलून होईना, तेव्हा मीच सूप ओढून घेतलं.

आईला मी काही बोलले नाही. बोलायचा हक्क मामाचा होता, कायद्याने आणि तसाही. दोन दिवस घरात आम्ही तिघंही आपापल्या ताटात बघून जेवलो. आई म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? सुतक आल्यासारखं काय?"

नाटकाच्या दिवशी सकाळी मामा अंगणात उभा. अंगात पांढरा सदरा, हातात त्याची जुनी रेक्झिनची पिशवी, तीच, जी घेऊन तो आला होता. नाटकातलं ते 'एवढ्यात कुठं निघालात' माझ्या अगदी ओठांवर आलं, आणि मी ते गिळलं. ते मी म्हणून चालणार नव्हतं, ज्याच्या तोंडून त्याला हवं होतं ते माणूस मी नव्हते.

"त्या पोरीला होय म्हणून सांग," मामा म्हणाला. "पण अक्काला मी सांगणार. माझ्या पद्धतीनं. तोवर तू तोंड उघडायचं नाही."

"आणि पिशवी?"

"असू दे जवळ. लागली तर शोधत बसायला नको."

संध्याकाळची आरती झाली. मांडव गच्च भरला. पहिल्या रांगेत लेखकाची खुर्ची, वर नारळ. परवानगी आली एवढंच लोकांना कळलं होतं, कुणाची आली ते नाही. तिसऱ्या रांगेत निहार बसला होता, मांडीवर करार, खिशाला पेन. शेजारी स्वरदा. आमच्या घराची खिडकी मांडवातून सरळ दिसते. आई नेहमीसारखी तिच्यात बसली होती, घंटेची वाट बघत, एक हात खिडकीच्या फळीवर.

मामाने माईकवर टिचकी मारली.

"एक निवेदन," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच. "पांढरा सदरा, पांढरी विजार, हातात रेक्झिनची पिशवी, मनातून फार घाबरलेला एक म्हातारा सापडला आहे."

लोक हसायला लागले. त्यांना वाटलं, पाहुण्यांची काहीतरी नवीन गंमत.

"'पाहुणा उठेना' हे नाटक त्यानं लिहिलं. मंडळींनी हसावं म्हणून लिहिलं. घोडके मास्तरांचा त्यात काहीही संबंध नव्हता. मास्तरांनी विनाकारण बोल सोसला, त्याबद्दल हा म्हातारा मास्तरांच्या घरच्यांची हात जोडून माफी मागतो. हे नाटक ज्याला करायचं त्यानं करावं, वाटलं तर त्यात भर घालावी. कुणी कुणाला अडवू नये, असं त्यानं लिहून दिलं आहे."

हसणं थांबलं होतं. निहारने पेन खिशातून काढलं, आणि परत ठेवलं.

"नाव तातोबा सांगतो," मामा म्हणाला. इथं त्याचा आवाज फाटला. "ज्यांचा असेल, त्यांनी मंडळाच्या टेबलावरून घेऊन जावा."

मी खिडकीकडे बघितलं. खिडकी उघडीच होती आणि आत कुणी नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मामा टेबलाशी उभा होता, हात पुढे बांधून, त्याच्याच त्या सापडलेल्या पोरांसारखा. मग मांडवाच्या तोंडाशी गर्दी हलली. माणसं बाजूला व्हायला लागली आणि मधून आई येताना दिसली, अनवाणी, पदर एका बाजूला ओढलेला. एकटी नव्हती. कुमुदकाकूचा दंड तिने घट्ट धरला होता. दोघींचेही चेहरे रडून ओले झाले होते. आमच्या दारातून निघून ती आधी समोरच्या दारात गेली होती.

आई टेबलाशी येऊन उभी राहिली. "माझा आहे त्यो," म्हणाली. "न्यायला आले."

"अक्का..."

"गप्प बस. घरी चल, मग बघते तुझ्याकडं. सोन्यासारख्या माणसाला शिव्या घातल्या मी तुझ्यापायी, आणि तू भाकरी खात ऐकत बसलास व्हय रे?" तिने मामाच्या दंडावर एक चापट मारली, आणि तोच दंड धरून ठेवला. काकू मधे पडली. "असू दे गं हौसा. ह्यांना आवडायचं ते नाटक. दरवर्षी बघायचे."

मामाने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मग टेबलाखालून रेक्झिनची पिशवी काढली, खांद्याला लावली आणि खाली मान घालून घराच्या दिशेने वळला.

आईचे पाय दुखत असणार. तिने इकडेतिकडे बघितलं, पहिल्या रांगेत एकच खुर्ची मोकळी दिसली, तिच्यावरचा नारळ उचलून मांडीवर घेतला आणि ती खुशाल बसली. कुणीतरी काकूसाठी शेजारची खुर्ची सोडली. आईने मान वर करून भावाकडे बघितलं.

"एवढ्यात कुठं निघालास?" ती म्हणाली. "बघू दे की मला आधी काय लिहून ठेवलंयस ते."

अख्खा मांडव फुटला. लोक हसत होते, टाळ्या पिटत होते, अध्यक्ष नव्या गुडघ्यांवर उभे राहिले होते, आणि मी चिटणीस असून ढसाढसा रडत होते. आई गोंधळून काकूकडे वळली.

"काय झालं गं हसायला?"

"बघ आता," काकू म्हणाली. "कळंल."

घंटा झाली. मामाने पिशवी खाली ठेवली.